प्रत्येक चौकटीला नाव द्या: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी दृष्टिहीन आहे. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. तो पडदा वाचून दाखवतो, मी की-बोर्डवर काम करतो.

गेल्या जूनमध्ये थोरलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. सरकारी पोर्टलवर अर्ज उघडला. टॅब दाबलं, स्क्रीन रीडर म्हणाला: "एडिट, ब्लँक", म्हणजे नुसती लिहायची रिकामी चौकट. पुन्हा टॅब: "एडिट, ब्लँक". नाव कुठे लिहायचं, आधार क्रमांक कुठे, कळायला मार्ग नाही. तालुक्यांची यादी माउसशिवाय उघडेना. जन्मतारीख टाइपच करता येईना. अंदाजाने भरून 'सबमिट' केलं, तर नुसती शांतता. लेकीने पाहून सांगितलं, "बाबा, दोन चौकटी लाल झाल्यात."

शेवटी सायबर कॅफेत गेलो. रांगेतल्या माणसांसमोर माझं उत्पन्न, आधार क्रमांक आणि ओटीपी मोठ्याने सांगावा लागला. हे मला फार लागलं.

साहेब, यातलं बरंचसं दुरुस्त करायला नवं पोर्टल लागत नाही. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्ये, चौकटीला 'लेबल' म्हणजे नाव जोडणं एका ओळीचं काम आहे. चौकटीत फिकट अक्षरांत टाकलेली सूचना म्हणजे लेबल नव्हे. टाइप करू लागलं की ती पुसली जाते, मग डोळसांचाही गोंधळ होतो. यादीसाठी ब्राउझरचा स्वतःचा 'सिलेक्ट' वापरला की ती की-बोर्डने चालते. चूक नुसती लाल रंगाने दाखवू नका, "पिन कोड सहा अंकी हवा" असं लिहा आणि ते वाक्य कोडमध्ये त्या चौकटीला जोडा. पानाची भाषा मराठी आहे हेही कोडमध्ये नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडरला ते मराठी म्हणून वाचता येईल.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कायदा आहे, निकाल आहे. अर्ज मात्र अजून "एडिट, ब्लँक" म्हणतो.

माझी मागणी एकच आहे. पोर्टलचं बिल मंजूर करण्याआधी माउस बाजूला काढून ठेवा आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून अख्खा अर्ज भरून घ्या. त्याच्या हातात पावती पडली, तरच कंत्राटदाराला पैसे द्या.

येत्या जूनमध्ये धाकटीसाठी हाच दाखला काढायचा आहे.

आपला,
एक पालक, नाशिक