धामण ही नागाची बायको नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ‘नाग-धामणीचा शृंगार, बघ्यांची गर्दी’ या मथळ्याखाली बांधावर उभ्या राहिलेल्या दोन सापांचा फोटो आला. फोटो झकास, मथळा मात्र साफ चुकीचा. भिंग लावून पाहिले. दोघांचे डोळे टपोरे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा, शेपटीकडे काळे आडवे पट्टे. म्हणजे दोन्ही धामणच, आणि तेही नर. ती कुस्ती होती. एकमेकांना पीळ घालत वर उठायचे आणि समोरच्याचे डोके खाली दाबायचे. हरतो तो निमूट निघून जातो. खरा समागम जमिनीलगत, शेपट्या गुंतवून चालतो. त्याला एवढी गर्दी जमत नाही.

‘धामण ही नागाची मादी’ हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. नागपंचमीसाठी प्रसिद्ध असलेले शिराळा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, तरी ही समजूत काही जात नाही. नागाची मादी नागच असते, तिलाही फणा असतो. नाग आणि धामण यांची कुळेच वेगळी, कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेली. हे दोघे एकत्र दिसलेच, तर नाग धामणीला गिळत असण्याची शक्यता जास्त, कारण तो इतर सापही खातो.

सापांत संकर होतच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतले हौशी सर्पपालक कॉर्न स्नेक आणि किंग स्नेक यांची जोडी लावून पिल्ले काढतात. (किंग स्नेक सापखाऊ, त्यामुळे नवरीच पोटात जाईल ही धास्ती असतेच.) फ्लोरिडाच्या दलदलीत माजलेल्या सुमारे 400 ब्रह्मी (म्हणजे म्यानमारकडच्या) अजगरांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13 जणांत आपल्याकडच्या अजगराचा अंश सापडला. ते संशोधन 2018 साली प्रसिद्धही झाले. पण ही सगळी जवळची नाती. हे दोन अजगर तर काही वर्षांपूर्वीपर्यंत एकाच जातीचे मानले जात.

बातमी वाचून माझ्या शेजारच्या वस्तीवर काय झाले ते सांगतो. कांद्याच्या चाळीत उंदरांमागे आलेली धामण मजुरांनी काठीने ठेचली. ‘हिच्या पोटात नागाची पिल्ले’ म्हणाले. पोट फुटले होते, आत नऊ अंडी, पांढरी, कातडीसारखी मऊ. धामणीला विष नाही, उलट एका हंगामात ती किती उंदीर उचलते हे ऊसवाल्याला विचारा. त्याच मजुरांतला एक म्हणाला, असल्या मिश्र जातीच्या सापाला दवाखान्यातले इंजेक्शन लागू पडत नाही, मांत्रिकच हवा. मला खरी धास्ती याची वाटते. सरकारी दवाखान्यातली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. नाग-धामणीचा संकर नावाचा पाचवा साप अस्तित्वातच नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की तोच फोटो त्याच जागी, तेवढ्याच आकारात पुन्हा छापावा आणि खाली लिहावे : ‘दोन नर धामणींची झुंज’. कोपऱ्यातली दोन ओळींची दुरुस्ती आमच्या वस्तीवर कोणी वाचत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक
ता. वाळवा, जि. सांगली