आई, ओट्याशी इतका वेळ उभी राहू नकोस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीत कराडला आलो होतो, त्यातली पाडव्याची रात्र डोळ्यांपुढून जात नाही. पावणेनऊ झाले होते. आई, तू भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस, आणि डाव्या हातानं ओट्याची कडा धरून उजवा पाय हलकेच जमिनीवरून उचललास. भाकरी उलटायची वेळ होईपर्यंत तू एका पायावर उभी होतीस. मग पुढची थापली, पुन्हा तेच. अशा आठ भाकऱ्या झाल्या. बाबा आणि मी पानावर होतो, आणि तू आतून सांगत होतीस, गरम आहे तोवर जेवून घ्या. आम्ही जेवलो. तू बसलीस तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते.

फोनवर हा विषय काढला की तू ‘बरं, बघू’ म्हणतेस आणि लगेच छोटीचा खोकला कसा आहे ते विचारतेस. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे कसं चालतं ते आधी सांगतो. आठवड्यातले चार दिवस तुझ्या सुनेची दुपारपाळी असते, ती रात्री दहाला येते. त्या दिवशीचं जेवण माझ्याकडे. सातला डोंबिवलीला उतरतो, छोटीला पाळणाघरातून घेतो, साडेसातला घरात. आठ वाजून दहा मिनिटांनी पानं मांडलेली असतात. हे मला पहिल्या वर्षी जमत नव्हतं. तेव्हा घरात शिरल्यावर आज काय करायचं इथपासून सुरुवात व्हायची. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, खोबरं भाजायचं, आणि तोवर छोटी बिस्किटं खाऊन झोपून जायची.

आता पहिलं काम कुकर. कपडेसुद्धा नंतर बदलतो. तूरडाळ धुऊन, भिजवून सकाळीच फ्रीजमध्ये ठेवलेली असते. खाली डाळ, वर तांदूळ, तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं बारीक गॅस. कुकरात वाफ कोंडल्यामुळे पाणी शंभराऐवजी जवळजवळ १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे भिजलेली डाळ तेवढ्यात मेणासारखी होते. भिजवायची विसरलो तर जास्त शिट्ट्या काढूनही कणी राहते, हे अनेकदा झालं.

कुकर होईतो भाजी. तिचं बरंचसं काम रविवारी झालेलं असतं. मटकी शुक्रवारी रात्री भिजत घालतो, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात बांधतो, रविवारपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस लागतो. गवार, घेवडा मोडून डब्यात. मेथी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून, कारण धुऊन ठेवली की दोन दिवसांत काळी पडते. आणि आई, वाटण. कांदा-खोबरं भाजून, आलं-लसूण घालून एकदाच वाटतो आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. उसळीला दोन वड्या पुरतात. कणीक आदल्या रात्री मळून, वरून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात ठेवतो. दोन दिवस चांगली राहते, पण सैल मळलेली नाही टिकत. उकडलेला बटाटा तेवढा फ्रीझरमध्ये घालू नकोस, पाणी सुटून चोथा होतो.

हे सगळं मी इथं शिकलो असं तुला वाटेल, पण उसळीत पडतो तो कांदा-लसूण मसाला तू मे महिन्यात डंकावर उभी राहून करून आणलेला असतो. आमच्याकडचं दाण्याचं कूट तुझं. ज्या दिवशी गाडी लेट होते त्या दिवशी थालीपिठं होतात, ती भाजणीही तुझीच. वर्षाचं एकदम करून ठेवायचं आणि रोज चमचाभर वापरायचं, हे तूच आयुष्यभर करत आलीस. आमचा वेळ वाचावा म्हणून डबे भरून पाठवतेस. तुझा स्वतःचा वेळ मात्र तू त्यात कधी धरला नाहीस. ते मला फार लागतं.

सकाळचं रात्री वाढलं की शिळं, असं तू म्हणशील. पण मटकीची उसळ मुरल्यावर जास्त चांगली लागते हेही तूच सांगतेस. सकाळी दहाला केलेली भाजी गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवली आणि रात्री खळखळून गरम केली तर तिला काही होत नाही. भाकऱ्या सकाळीच चार जास्तीच्या करून फडक्यात ठेव. रात्री पाण्याचा हात लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकल्या की मऊ होतात. ताज्या भाकरीची चव येत नाही हे मी कबूल करतो. पण तुझ्या गुडघ्यापुढे ती चव मला नको.

भाताचं मात्र नीट ऐक. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे रात्रीचा भात ओट्यावरच राहिला. सकाळी फोडणी देऊन छोटीला दिला आणि तिला दुपारपर्यंत उलट्या झाल्या. डॉक्टरांनी समजावलं की भातात एक जंतू असतो, त्याची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ती वाढून विष तयार होतं, आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. तू उरलेला भात पातेल्यात झाकून रात्रभर बाहेर ठेवतेस. फोडणीचा भात अजिबात सोडू नकोस, बाबांना तो किती आवडतो ते मला ठाऊक आहे. फक्त जेवणं झाली की तासाभरात भात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये जाऊ दे.

बाबा, आता तुमच्याशी. कारखान्याच्या टाइम ऑफिसात तुम्ही बत्तीस वर्षं लोकांच्या कामाचे तास मांडलेत. २०१९ साली सरकारनं देशभर पाहणी केली होती, कोणाचा वेळ कशात जातो याची. आपल्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांची ९७. मी हा आकडा वाचला तेव्हा पाडव्याच्या त्या आठ भाकऱ्या आठवल्या. तुम्ही एक आठवडा आई ओट्याशी किती वेळ उभी असते ते घड्याळ लावून लिहून ठेवाल का? तुमच्या अक्षरात, तारीखवार. तुम्ही लिहिलेलं आई खोटं म्हणणार नाही.

आणि कुकर तुम्ही लावा. डाळ-तांदळाचं माप मी डब्यावर लिहून ठेवीन. मटार सोलणं, मेथी निवडणं, दाणे पाखडणं ही बसून करायची कामं आहेत, बातम्या बघता बघता होतात. तुम्ही आम्हाला कधी कशाला नाही म्हणाला नाहीत, म्हणून हक्कानं मागतोय. मला हे सगळं पस्तिशीत यायला लागलं, तुम्हाला बहात्तराव्या वर्षी नक्की येईल.

येत्या शुक्रवारी कल्याणहून कोयना एक्स्प्रेसनं येतोय. ओट्याच्या उंचीचं एक स्टूल घेतलंय, पाठ टेकायला फळी आहे आणि पाय ठेवायला आडवी पट्टी. आई, त्यावर बसून भाकरी थापता येते का ते तूच करून बघ. उंची जास्त वाटली तर कोपऱ्यावरच्या सुताराकडून पाय कापून घेऊ. शनिवारी रात्रीचा स्वयंपाक बाबा आणि मी करणार. वरण-भात, मटकीची उसळ आणि सकाळच्या भाकऱ्या. मटकी गुरुवारी रात्री भिजत घालून ठेव, तेवढंच. दाणे भाजू नकोस, ते आम्ही करू.

छोटीचा खोकला आता बरा आहे.

तुमचा,
बाळू