नर्मदेचे पाणी, वीज आणि हिलसा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे आणि त्यासाठी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र ही वीज दिवसाच्या व वर्षाच्या कोणत्या वेळी तयार होते, याचा धरणाखालील माशांवर काय परिणाम होतो, याची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होत नाही.

हिलसा, म्हणजे आपल्याकडचा पाला, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. पावसाळ्यात नर्मदेचे पाणी वाढले, मुखाजवळचा खारटपणा उतरला आणि पाणी गढूळ झाले, की तो भरूचच्या बाजूने प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो. त्यामुळे वर्षभरात एकूण किती पाणी सोडले, यापेक्षा जूनपासून हळूहळू चढणारा प्रवाह पुढे टिकून राहतो की नाही, याला त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते. धरणाचा कारभार याच्या उलट चालतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी जलाशय भरण्यासाठी अडवले जाते. नदीपात्रातील १२०० मेगावॉटचे वीजगृह विजेच्या मागणीनुसार सुरू आणि बंद होते. कालव्याच्या मुखावरील २५० मेगावॉटच्या वीजगृहातून गेलेले पाणी तर नदीत येतच नाही. टर्बाइन थांबल्यावर खालच्या पात्रासाठी ६०० क्युसेकची तरतूद आहे, जी एवढ्या मोठ्या नदीसाठी नाममात्रच म्हणावी लागेल. त्यात भरतीचे खारे पाणी आत सरकते. पुढे जलाशय भरला की सप्टेंबर २०२३ मध्ये भरूचने अनुभवला तसा लोंढा येतो, पण तोवर चढणीचा हंगाम बराचसा सरलेला असतो.

धरणाला माशांसाठी शिडी, म्हणजे त्यांना धरण ओलांडून वर चढता येईल अशी पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट, बांधावी, असे काही जण सुचवतात. पण धरणापासून समुद्रापर्यंतच्या सुमारे १६१ किलोमीटरच्या पात्रातच प्रवाहाचा भरवसा नसेल, तर त्या शिडीपर्यंत मासा पोहोचणार कसा? हिलशाच्या घटीला प्रदूषण आणि बेसुमार मासेमारीही कारणीभूत आहे, हे मान्य. त्यात भरूचजवळ नर्मदेच्या मुखाशी होणाऱ्या भाडभूतच्या बंधाऱ्यामुळे नदीचे मुखच अडणार असल्याने तेथील मच्छीमारांचा विरोध रास्त वाटतो.

मूळ दोष १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात आहे. वापरण्याजोगे धरलेले २८ दशलक्ष एकर-फूट पाणी चार राज्यांत पूर्णपणे वाटले गेले आणि धरणाखालच्या नदीचा स्वतंत्र वाटा ठरलाच नाही. या निवाड्यात ४५ वर्षांनंतर फेरविचाराची तरतूद आहे आणि ती मुदत आता उलटली आहे. आपल्या राज्य सरकारने नर्मदा नियंत्रण प्राधिकरणात दोन मागण्या कराव्यात: जून ते सप्टेंबर या काळात नदीत किमान किती प्रवाह राहील ते ठरवावे आणि पात्रातील वीजगृहाचे पाणी एकदम न सोडता वा तोडता टप्प्याटप्प्याने वाढवावे व कमी करावे. यामुळे विजेच्या वेळापत्रकात आपल्या वाट्याला थोडी गैरसोय आली, तर ती महाराष्ट्राने स्वीकारावी.

आपला,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)