पंख्याला देणगीदार मिळतो, लिटमस कागदाला मिळत नाही

संपादक महोदय,

शाळेला संगणक, बाक, पाण्याची टाकी भेट देणाऱ्यांचे फोटो आपल्या अंकात नेहमी येतात. देणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण शाळेचे खरे अडते ते बऱ्याचदा दुसरीकडेच, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत दहावीला आहे. मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. घरात तेलुगू, शाळा मराठी. तिच्या वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले आहे. प्रयोगशाळेत मात्र आम्लाची बाटली तळाला गेलेली, लिटमस कागद संपलेले आणि चार-पाच मुलांत एक परीक्षानळी. दहावीला विज्ञानाच्या 100 गुणांपैकी 20 प्रात्यक्षिकाचे असतात. गुण मिळतीलही, पण निळा लिटमस आम्लात लाल होतो हे पोरीने नुसते पाठ केले होते, पाहिले नव्हते.

शेवटी आम्ही पालकांनीच वर्गणी सुरू केली. जमेल तेवढे द्यायचे, दहा रुपयेही चालतात. पैसे शाळेच्या खात्यात, प्रत्येकाला पावती. मुलांच्या हाती वर्गणीचा डबा द्यायचा नाही, वर्गात पैशाचा विषय काढायचा नाही, कोणी किती दिले ते कुठेही लावायचे नाही. ज्या घरातून काहीच येत नाही, त्या घरच्या मुलाची मान खाली जाता कामा नये, यावर आम्ही आया अडूनच बसलो होतो. खर्च मात्र पैशापैशाने दर्शनी फळ्यावर लिहिला जातो. त्यातून रसायने आली, परीक्षानळ्या आल्या, गणिताचे जादा तास सुरू झाले.

पण माग बंद पडले की वर्गणीही आटते. जादा तासांचे मानधन लगेच थकते.

आणि हा भार मुळात आमच्यावर का यावा? शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयापर्यंतच. मोफत पुस्तके आणि पोषण आहारही आठवीपर्यंतच. म्हणजे मुलगी नववीत गेली की खर्च वाढतो आणि आधार संपतो. आमच्या गल्लीत मुलींची शाळा सुटते ती याच वयात. आईशेजारी विड्या वळायला सूप घेऊन बसली की ती परत वर्गात जात नाही. शासनाने या सवलती दहावीपर्यंत न्याव्यात आणि शाळांना वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचे पैसे, पुरेसे व वेळेवर द्यावे.

तोवर चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांना, कारखानदारांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. टाकी, कमान द्याच. पण वापरून संपणाऱ्या वस्तूंचा एक वर्षाचा खर्चही उचला. त्यावर नाव रंगवता येणार नाही, पण आमच्या मुलांना प्रयोग स्वतःच्या हाताने करता येईल. काय लागते ते आपल्या जवळच्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना विचारा. ते लगेच यादी काढून देतील.

– एक पालक, अशोक चौक परिसर, सोलापूर