ओळख करून दिलीत, म्हणून

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. उघड पत्रात ते आलेलं तुम्हाला आवडणार नाही, एवढं मला त्या चार दिवसांत कळलंय. पण वाचलंत की ओळखालच. मी सतरा नंबरच्या मुलीची आई. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, बँकेत नोकरी करते, आणि मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या आदल्या दुपारी तुमच्या टेबलासमोर दोन कागद घेऊन उभी होते.

त्या कागदांपासूनच सुरुवात करते. लेकीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आणि आडनाव, एवढंच आहे. आधारवर मात्र आपल्या पद्धतीप्रमाणे मध्ये वडिलांचं नाव. ग्वाल्हेरात पिढ्यान् पिढ्या काढूनही आपण ही पद्धत सोडली नाही, आणि ती नेमकी अशा वेळी आडवी येते. नोंदणीला बसलेल्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "आंटीजी, ये तो दो नाम हैं।" त्याचं चुकत नव्हतं. सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत वयाचे कागद कडकच तपासायला हवेत. मोठ्या मुलांना लहान गटात घुसवण्याचे प्रकार आपल्याकडे बऱ्याच खेळांत झाले आहेत, म्हणून तर काही ठिकाणी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ताडून बघतात. हे सगळं मला पटत होतं, तरी घशाशी आवंढा आला होता. मागे रांग वाढत होती. लेक बाजूला उभी राहून बुटाची नाडी सोडत होती, पुन्हा बांधत होती. घाबरली की तिचं हे असंच चालतं. मी तिला म्हटलं, "अगं, सोड ती नाडी आता," आणि पलीकडच्या खुर्चीवरून तुम्ही मान वर केलीत.

"काय अडलंय काकू?"

जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचा वेगळा रकाना असतो. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत, मग आधारवरच्या मधल्या नावावर. मग जन्मतारीख या कागदावरची, त्या कागदावरची, शाळेच्या दाखल्यावरची. त्या मुलाला शांतपणे समजावलंत की मराठी नावात मधलं नाव वडिलांचं असतं, आज असे अजून दोन-तीन तरी येतील. नोंदवहीत आमच्या ओळीसमोर शेरा लिहिलात आणि खाली सही केलीत. मी रोज केवायसीचे कागद बघते ताई. नाव जुळत नाही म्हणून समोरच्याला परत पाठवणं किती सोपं असतं, मला विचारा. तुम्ही नियम तसूभरही वाकवला नाहीत. कागद शेवटपर्यंत वाचलात, बस.

पण माझं खरं देणं त्या संध्याकाळचं आहे.

पाचच्या सुमाराला सगळ्या संघांना आणि आलेल्या पालकांना तुम्ही मैदानाच्या पायऱ्यांवर बसवलंत. डिसेंबर संपत आलेला, ऊन उतरलं की ग्वाल्हेरची थंडी कशी अंगावर येते ते तुम्हाला सांगायला नको. मुली स्वेटरांत हात ओढून बसल्या होत्या. मला वाटलं, आता हारतुरे, भाषणं, दीपप्रज्वलन. तुम्ही हिंदीतून बोललात, मी माझ्या भाषेत लिहिते. म्हणालात, "पुढचे चार दिवस ज्यांच्या भरवशावर खेळायचं, ती माणसं बघून घ्या. कुणाचं पद काय हे विसरलात तरी चालेल. काय अडलं की कुणाकडे जायचं, ते विसरू नका."

आणि सगळ्यांत आधी उभं केलंत मैदान सांभाळणाऱ्या काकांना.

"हे पहाटे साडेपाचला येतात. सिमेंटवर पडलेलं दव यांच्याइतकं कुणाला कळत नाही. यांनी 'अजून नाही' म्हटलं की कोर्टवर पाय ठेवायचा नाही. तुमचे सर म्हणाले तरी नाही." काका लाजले, पण त्यांनी वळून कडुनिंबाखालचा कोपरा दाखवला आणि सांगितलं की तिथे ऊन उशिरा पोचतं, तो सगळ्यांत शेवटी सुकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बघितलं. आधी वायपर, मग कोरडं पोतं, आणि शेवटी गुडघ्यावर बसून त्या कोपऱ्यात तळहात टेकवून बघणं. हाताकडे बघितलं, पँटला पुसला, परत टेकवला. मग शिटीवाल्या सरांना मान हलवून 'हो' म्हणाले. अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद कोर्ट, आणि त्यातला तो हातभर कोपरा. चार दिवसांत एकही मुलगी घसरून पडली नाही, हे मी मोजलंय.

त्यांच्यानंतर वसतिगृहाच्या मॅडम. इथे थोडं थांबते, कारण इथे मला माझं जुनं दुखणं आठवलं. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत, कुठल्या ते सांगण्यात अर्थ नाही, माझ्या लेकीची पाळी सामन्याआधी अर्धा तास सुरू झाली होती. वेळापत्रकात ज्या संघाचं नाव आधी, त्याने फिक्या रंगाची जर्सी घालायची, असा बास्केटबॉलचा नियम आहे. त्या दिवशी लेकीच्या संघाचं नाव आधी होतं, आणि त्यांचा फिका संच म्हणजे पांढरा. शॉर्टसुद्धा पांढरी. तेरा वर्षांची पोर, आजूबाजूला सगळे सर आणि दादा. कुणाला विचारायचं तेच तिला कळलं नाही. पोट दुखतंय म्हणून ती बाकावर बसून राहिली आणि सर तिला नाटकी म्हणाले. मला हे चार महिन्यांनी कळलं. म्हणून तुम्ही जेव्हा त्या मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून, समोर बसलेल्या सगळ्या वडील मंडळींच्या देखत, नेहमीच्या आवाजात म्हणालात, "पॅड लागले, पोट दुखलं, रात्री घरची आठवण येऊन रडू आलं, तर यांचं दार वाजवायचं, रात्री दोन वाजले तरी," तेव्हा माझी लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

मग टेबलावरची माणसं. आम्ही पालक दोन-तीन वर्षं सामने बघतोय, पण त्या लांब टेबलामागे कोण काय करतं हे आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही एकेकाला पुढे बोलावलंत. टायमर दादांनी सांगितलं की बाहेरून बॉल आत आला आणि खेळाडूचा हात लागला की मगच त्यांचं बोट बटणावर पडतं. शॉट क्लॉक, म्हणजे बास्केटकडे बॉल टाकायला संघाला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ, सांभाळणाऱ्या मुलीने चोवीस सेकंद आणि चौदा सेकंद यांतला फरक सांगितला: रिंगला लागून बॉल परत त्याच संघाला मिळाला तर पुन्हा पूर्ण चोवीस मिळत नाहीत, चौदाच मिळतात. आणि स्कोअरर मॅडमनी तर कोरी स्कोअरशीटच फिरवली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबरभोवती गोल. रेफ्री हातांनी नंबर कसा दाखवतात तेही त्यांनी करून दाखवलं. अकरा म्हणजे एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचं एक बोट. सतरा म्हणजे आधी हाताची मागची बाजू समोर करून एक, आणि मग दोन्ही पंजे समोर धरून सात. मुली पायऱ्यांवर बसल्या बसल्या आपापले नंबर दाखवायला लागल्या.

रेफ्री सर इथल्याच लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकलेले. ती संस्था 1957 साली, अठराशे सत्तावन्नच्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, झाशीच्या राणीच्या नावाने सुरू झाली, हे त्यांनी फार अभिमानाने सांगितलं. म्हणाले, ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल 1936 साली आला आणि बायकांचा 1976 साली. "चाळीस वर्षं थांबायला लावलं तुम्हाला. तुमची आजी तेव्हा कॉलेजात असेल. आता तुम्ही कुणासाठी थांबू नका." आणि मग कामाचं बोलले: निर्णय समजला नाही तर कॅप्टनने यायचं, नीट शब्दांत विचारायचं. टेबलाला काही विचारायचं असेल तर ते काम कोचचं. दोन्ही कधी? बॉल डेड, म्हणजे खेळाबाहेर, आणि घड्याळ थांबलेलं असेल तेव्हा.

स्पर्धेच्या संचालकांना तुम्ही सर्वांत शेवटी बोलावलंत, आणि ते दोन वाक्यं बोलून बसले. त्यांचेही आभार.

आता दुसऱ्या दिवसाच्या सामन्याबद्दल. तुम्ही तेव्हा जेवणाची व्यवस्था बघायला गेला होतात, म्हणून सविस्तर सांगते. तिसरा क्वार्टर, आम्ही सहा गुणांनी मागे. लेकीला फाऊल लागली आणि टेबलावरून पाटी वर झाली: चार. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो, त्यामुळे सर तिला बसवायच्या तयारीत होते. ती जागच्या जागी उभी. तिच्या हिशेबाने तीन झाल्या होत्या. मागची ती असती तर खाली बघत बाकावर येऊन बसली असती, मला ठाऊक आहे. त्याऐवजी ती सरांकडे पळत गेली आणि म्हणाली, "सर, माझ्या तीनच आहेत. घड्याळ थांबलंय, आत्ता विचारता येतं."

सरांनी विचारलं. स्कोअरर मॅडमनी शीटवर बोट ठेवून ओळ तपासली, शेजारच्या सहायकांनी त्यांचं टिपण पुढे केलं. दुसऱ्या क्वार्टरमधली एक फाऊल दोघांकडे वेगळ्या नंबरवर होती. रेफ्री सर टेबलापाशी आले. तेवढ्यात आमच्याच संघातल्या अकरा नंबरने हात वर केला. "मॅडम, ती माझी होती." म्हणजे स्वतःच्या खात्यात एक फाऊल वाढवून घेतली त्या पोरीने. रेफ्री म्हणाले, बरोबर, मी मूठ आणि एक दाखवलं होतं.

सामन्यानंतर मॅडमनी मला ती शीट दाखवली. सतराच्या ओळीतल्या नोंदीवर एकच रेघ, खाडाखोड नाही, खालचं अक्षर स्पष्ट वाचता येतंय. आणि अकराच्या ओळीत नवी नोंद, निळ्या पेनाने. सामना तेव्हा लाल पेनाच्या क्वार्टरमध्ये चालू होता, घाई होती, सगळे टेबलाकडे बघत होते. तरी त्यांनी लाल पेन खाली ठेवून निळं उचललं, कारण फाऊल दुसऱ्या क्वार्टरची होती. बावीस वर्षं मी लेजर आणि व्हाउचरमध्ये घालवली आहेत. चूक कुणाचीही होते, पण ती दुरुस्त कशी केली यावरून मी माणूस ओळखते.

मग मॅडम माझ्या लेकीकडे वळल्या. "बेटा, चूक माझी झाली. विचारलंस ते बरं केलंस." एका पंधरा वर्षांच्या मुलीला, तिच्या संघासमोर.

सामना आम्ही चार गुणांनी हरलो. घरी येताना ती त्याबद्दल थोडं बोलली आणि टेबलाबद्दल खूप बोलली. मी विचारलं, तुला एवढं धैर्य कुठून आलं गं? तर म्हणाली, "आई, त्या मॅडम ओळखीच्या होत्या ना. आदल्या दिवशी आपण त्यांना भेटलो होतो." ताई, तुम्ही चाळीस मिनिटं थंडीत उभं राहून केलंत ते हे.

आणखी कितीतरी राहिलं. घोटा मुरगळलेल्या, गार्डच्या जागी खेळणाऱ्या आमच्या छोट्या मुलीला तिसऱ्या सामन्यात खेळवू दिलं नाही, त्या फिजिओ मॅडमना माझा नमस्कार सांगा. सर त्यांच्यावर चिडले होते, पण ती पोर आज सरळ चालतेय. मेसच्या महाराजांनाही सांगा, सकाळी साडेसहाला गरम पोहे आणि दूध मिळणं ही बाहेरगावच्या आयांना फार मोठी गोष्ट वाटत होती. त्या मला सांगत होत्या.

लेक पुढच्या वर्षी या गटात बसत नाही. ती म्हणते, टेबलावर बसायला शिकायचंय. स्वयंपाकघरात एक लाल आणि एक निळं पेन आणून ठेवलंय आणि मोबाईलवर सामना लावून जुन्या वहीत रेघा ओढत असते. स्कोअरर मॅडम कुणाला शिकवत असतील तर तिला घ्याल का, विचारून बघा.

आणि माझं एक. पुढच्या स्पर्धेला नोंदणीच्या टेबलावर एक खुर्ची जास्त ठेवा. नावं, तारखा, दाखले जुळवणं मला जमतं, आणि दुसऱ्या नि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते. बाकीच्या दिवसांची रजा मी टाकेन.

तुमची,
सतरा नंबरची आई