सहा एअरबॅग आणि एक मोडलेला जबडा : रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

स. न. वि. वि.

पाच आठवडे झाले, माझे वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधलेले आहेत. जबडा दोन ठिकाणी मोडलाय. बोलता येत नाही म्हणून लिहिते आहे. एरवी माझं पोट बोलण्यावरच आहे. सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आपल्या खात्यात काम होतं, रस्ते बांधले जातात, हे मी चारचौघांत सांगत आलेली बाई आहे. तेव्हा हे पत्र विरोधकांनी लिहून घेतलंय असं कृपया समजू नये.

निमित्त काल आलेल्या पत्राचं. आमच्या गाडीच्या कंपनीने कळवलंय की, सदर टक्कर एअरबॅग उघडण्याच्या निकषांत बसत नाही, वाहनात कोणताही उत्पादनदोष आढळला नाही, आणि एअरबॅग ही सीटबेल्टला ‘पूरक’ यंत्रणा आहे हे ग्राहकाने ध्यानात घ्यावं. खाली सही नाही. ‘हे पत्र संगणकीय असल्याने सहीची आवश्यकता नाही.’

पूरक! गाडी घेताना शोरूममधला मुलगा बोटं मोडून मोजत होता : एक, दोन, तीन... सहा. तेव्हा ‘पूरक’ हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. उलट त्या सहांसाठीच आम्ही वरचं मॉडेल घेतलं, कर्जाचा हप्ता वाढवून.

अपघात असा झाला. रात्रीचे साडेनऊ, राष्ट्रीय महामार्ग, उड्डाणपुलाचं काम चालू. सरळ जाणारा रस्ता एका जागी एकदम डावीकडे वळवलेला आणि समोर सिमेंटचे ठोकळे मांडलेले. त्यांच्यावर रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. ‘डायव्हर्जन’ची पाटी होती, पण ती रस्त्याच्या कडेला पालथी पडली होती, दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने तिचा फोटो काढून आणला. ठोकळा दिसला तेव्हा मी सत्तरच्या आसपास होते. ब्रेक दाबला. आदळले तेव्हा पन्नासच्या आगेमागे असेन. सीटबेल्ट होता, माझाही आणि ह्यांचाही. ह्यांचं गळपट्टीचं हाड बेल्टने मोडलं आणि जीव बेल्टनेच वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. माझी हनुवटी स्टीअरिंगवर आपटली. सहापैकी एकही एअरबॅग उघडली नाही.

मग पोलीस आले. मला स्ट्रेचरवर घालत होते तेव्हा त्यांनी ह्यांना पहिला प्रश्न विचारला, “गाडी बाई चालवत होत्या का?” तिथेच तपास संपला असावा. गुन्हा माझ्यावर आहे. भारतीय न्याय संहिता, कलम २८१ : हयगयीने व अविचाराने वाहन चालवून. पंचनाम्यात ठोकळे आहेत, पण रिफ्लेक्टर नसल्याचा उल्लेख नाही. एअरबॅग न उघडल्याचाही नाही. त्या छापील नमुन्यात तसा रकानाच नसेल कदाचित.

आता थोडं माझ्या विषयाचं बोलते, कंटाळू नका. गाडीचं नाक जवळजवळ अर्धा मीटर आत गेलंय. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. अर्ध्या मीटरात शून्यावर यायचं तर सरासरी मंदन निघतं गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ वीसपट, आणि त्याला वेळ लागतो सुमारे ७० मिलिसेकंद. एअरबॅगला पूर्ण फुगायला साधारण तीसेक मिलिसेकंद पुरतात. हे गणित बारावीचं पोर करून देईल. वीस ‘जी’ निकषांत बसत नसेल तर निकष काय आहे तेवढं सांगा, एवढंच मी कंपनीला विचारलं होतं. उत्तर : तांत्रिक तपशील गोपनीय आहे.

गाडीतल्या एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या क्षणांची नोंद राहते : वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, सेन्सरला काय जाणवलं. ती पेटी माझ्या गाडीत, माझ्या पैशाने आलेली. ती उघडून वाचली कंपनीच्या माणसाने, कंपनीच्या यंत्रावर, मी ऑपरेशन थिएटरमध्ये असताना. त्यातून निघालेला निष्कर्ष मला मिळाला, आकडे मिळाले नाहीत. ते मालकाला दिलेच पाहिजेत असा नियम मी आपल्या नियमावलीत शोधला, सापडला नाही. युरोपात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या कारमध्ये अशी नोंदपेटी सक्तीची आहे. आपल्याकडे सक्ती कशाची, तर पीयूसीची.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये अशाच एका प्रकरणात एअरबॅग न उघडल्याबद्दल कंपनीविरुद्ध निकाल दिला. तिथेही कंपनीचा युक्तिवाद धडकेच्या जोराचाच होता. न्यायालयाने म्हटलं की वेग आणि बलाचे सिद्धांत लावून धडकेचा हिशोब करायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो. वाचून मला हसू आलं, म्हणजे तारांमध्ये जेवढं येतं तेवढं. ज्याला फिजिक्स येत नाही त्याला न्याय मिळायला २०१७चा अपघात २०२२पर्यंत चालवावा लागला. जिला येतं तिला आकडेच देत नाहीत. मग शिकावं तरी कशाला?

मंत्रिमहोदय, एअरबॅगचा विषय आपल्या मंत्रालयाला नवा नाही. जानेवारी २०२२मध्ये मसुदा निघाला : कारमध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या, ऑक्टोबर २०२२पासून. सप्टेंबर संपता संपता ती तारीख गेली ऑक्टोबर २०२३वर. पुरवठ्याची साखळी विस्कळीत आहे म्हणे. आणि सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर झालं की सक्ती करणार नाही, ग्राहक जागरूक झालाय, सुरक्षा-चाचणीचे स्टार पाहून गाडी घेतो. ठीक. मी तो जागरूक ग्राहक. स्टार पाहिले, सहा मोजल्या, पैसे मोजले. देशभर वाद चालला तो एअरबॅग किती असाव्यात याचा. असलेल्या उघडल्या नाहीत तर जबाबदार कोण, हा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर दिसला नाही.

आणि त्या स्टारविषयी. २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही शून्य स्टार. त्यानंतर आपली स्वतःची तसलीच चाचणी, भारत एनकॅप, सुरू व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला, आणि तीही ऐच्छिक! ज्या विद्यार्थ्याची तयारी झालीय त्यानेच परीक्षेला बसावं, अशी शाळा मी चालवली असती तर निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला असता.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे! मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, एप्रिल २०२१पासून त्याचे नियम लागू आहेत. सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. कंपनीने पूर्ण किंमत परत करावी, किंवा बदलून द्यावी, किंवा दुरुस्त करावी. वाचून मला भरून आलं. पुढे वाचलं आणि ओसरलं. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. नोंदणी मात्र पंधरा वर्षांची देता तुम्ही. आठव्या वर्षी दोष मरतो की मालक? तक्रारी किती हव्यात ते त्या मॉडेलच्या वार्षिक खपावर ठरतं. म्हणजे माझ्यासारखे जबडे शेकड्यांनी मोडेपर्यंत थांबायचं, आणि त्या सगळ्यांनी पोर्टलवर अर्ज भरायचा, ज्यांचे हात शाबूत असतील त्यांनी. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. आमच्या गाडीच्या ऑन-रोड किमतीने भागलं तर कमाल दंड सात-आठ गाड्यांचा होतो. एवढ्या गाड्या एका शोरूममध्ये एका शनिवारी जात असतील. कंपनीने स्वतःहून गाड्या बोलावल्या तर तोही दंड नाही.

कलमात आणखी एक सोय आहे. मालकांच्या तक्रारी किंवा चाचणी संस्थेचा अहवाल यांच्याशिवाय ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ दोष कळला तरी सरकार हलू शकतं. मग हे पत्र ‘अन्य स्रोत’ समजा.

रस्त्याचं तर विचारूच नका. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल यांत कसूर होऊन कुणी मेलं किंवा अपंग झालं तर त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे ठेकेदाराला, अधिकाऱ्याला दंड : जास्तीत जास्त एक लाख रुपये. तोही मेलेल्याच्या घरी जात नाही, निधीत जमा होतो. मी बेल्ट लावला नसता तर हजार रुपये जागेवर फाडले असते. त्या ठोकळेवाल्याला आजपर्यंत कुणी नोटीस दिली असेल तर मला दाखवा, मी तारा लावलेल्या तोंडाने पेढा खाईन. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. पुलाच्या कठड्याच्या रचनेकडे तपासणी पथकाने बोट दाखवल्याचं सगळ्या वृत्तपत्रांत आलं. गुन्हा दाखल झाला तो चालकावर. टाटांच्या माजी अध्यक्षांची ही कथा, तिथे मी कोण?

विमान पडलं तर एएआयबी, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणारी सरकारी संस्था, चौकशी करते, विमान कंपनी नाही. रेल्वे घसरली तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, कारण आपल्याच घरची चोरी आपण पकडत नाही हे कुणा शहाण्याला फार पूर्वी कळलं होतं. कार आपटली की मात्र निदान करणार तिची कंपनी, दोष देणार पोलीस, आणि चालवणारी आरोपी. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने इग्निशन स्विचचा दोष दहा वर्षं दाबला होता, बदललेल्या स्विचचा पार्ट नंबरही तोच ठेवला होता. भरपाई देताना १२४ मृत्यू मान्य करावे लागले. तिथली नियामक यंत्रणासुद्धा झोपली होती, पण जागं करायला वकिलाच्या हाती कंपनीचे कागद आले. इथे माझ्या हाती काय आहे? बिनसहीचं पत्र आणि पालथ्या पाटीचा फोटो.

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या लिहिताना मलाच जरा खुळ्यासारखं वाटतंय. गाडीच्या नोंदपेटीतले आकडे मालकाला पंधरा दिवसांत देण्याचा नियम करा. गंभीर अपघातात एअरबॅग, ब्रेक, स्टीअरिंग यांची तपासणी कंपनीशी संबंध नसलेल्या माणसाकडून करवा. आणि पंचनाम्यात रस्त्याचा एक रकाना घाला, रिकामा सोडता न येणारा.

२०१५मध्ये ब्राझिलियातल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेत देशाने शब्द दिला होता, २०२०पर्यंत रस्त्यांवरचे मृत्यू निम्मे करू. त्या वर्षी गेले होते १ लाख ४६ हजार. २०२२मध्ये गेले १ लाख ६८ हजार ४९१. दिवसाला साडेचारशेच्या वर! माझं सगळं कॉलेज तीन-चार दिवसांत रिकामं होईल. मग म्हणे २०२४. आता २०३०. डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत तुम्हीच सांगितलंत की परदेशी परिषदांत अपघातांचा विषय निघाला की तुम्ही तोंड लपवायचा प्रयत्न करता. प्रामाणिकपणा आवडला, खरंच. मलाही सध्या तेच करावं लागतं, कारण वेगळं आहे.

आई रोज संध्याकाळी फोन करते. ती ऐंशीची, व्हिडिओ तिला जमत नाही. ती बोलते आणि मी फोनवर नखाने टकटक करते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. परवा तिने विचारलं, “दुखतं का गं?” मी दोनदा वाजवलं. तिचा विश्वास बसला नाही, कारण तिने परत विचारलं. बारावीचा माझा पोर्शन अर्धा राहिलाय, आणि राहिलेल्यात नेमकं ‘घूर्णन गतिकी’ आहे. बदली शिक्षक नोट्स वाचून दाखवतो असं मुलं कळवतात. हनुवटीची डावी बाजू अजून बधिर आहे, ती तशीच राहू शकते असं डॉक्टर म्हणतात. स्ट्रॉमधून जे आत जाईल त्यावर दिवस निघतो. नऊ किलो कमी झाले. शेजारीण म्हणाली, बारीक छान दिसताय.

आणि ह्या महिन्याचा गाडीचा हप्ता बँकेने बरोबर पाच तारखेला कापला. फास्टॅगही चोख. अपघाताच्या रात्री, त्या ठोकळ्याच्या अकरा किलोमीटर आधी, माझ्याकडून टोल घेतलाय. मेसेज अजून मोबाइलमध्ये आहे. टोलनाक्यापुढे एक मोठा फलक आहे, तो मात्र झगझगीत, रिफ्लेक्टरसकट : ‘अति घाई संकटात नेई’. संकटात काय काय नेतं त्याची यादी करायला बसलो तर घाईचा नंबर बराच खाली लागेल, साहेब. पण फलकावर तीच, तुमच्या खात्याच्या अहवालात तीच : २०२२चे सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर. मीही आता त्या वर्गात मोडणार. अनेकांची गाडी, अनेकांचा रस्ता, आणि खापर एकीच्या पायावर.

पुढच्या मंगळवारी तारा निघतील. तोंड किती उघडतं ते डॉक्टर पट्टीने मोजणार आहेत, तीन बोटं मावली तर बरं असं म्हणतात. गुरुवारी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला बोलावलंय. त्याआधी नोंदपेटीतले आकडे माझ्या हातात पडतील अशी काही व्यवस्था आपल्या कार्यालयाकडून होत असेल तर कळवावं. उत्तर लेखी दिलंत तरी चालेल, सही नसली तरी चालेल.

आपली,
वाहन क्रमांकाने आपल्या ‘वाहन’ पोर्टलवर सापडेल अशी एक चालक
(कलम २८१मधील आरोपी)