ठरावाला तारीख आणि माणूस हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चांगल्या कल्पना प्रत्यक्षात का उतरत नाहीत, याचे खापर आपण बहुधा माणसांच्या आळसावर किंवा निधीच्या चणचणीवर फोडतो. मला हे निदान अपुरे वाटते. कोणत्याही संस्थेचे इतिवृत्त उघडावे : ‘सदर सूचना स्तुत्य असून सर्वांनी मिळून त्यावर कार्यवाही करावी, असे सर्वानुमते ठरले.’ या ठरावात काम कोणी करायचे ते नाही, तारीख नाही, आणि त्यासाठी हातातले कोणते काम बाजूला ठेवायचे, याचा तर उल्लेखही नसतो. तरीही आभारप्रदर्शन होऊन मंडळी काम झाल्याच्या समाधानात घरी जातात.

या संदर्भात येल विद्यापीठातील हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. धनुर्वाताची लस घ्यावी म्हणून विद्यार्थ्यांना माहितीपत्रके देण्यात आली. काहींतील वर्णन मुद्दाम भीतिदायक होते आणि ते वाचून लस घेण्याचा इरादाही अनेकांनी बोलून दाखवला. मात्र नुसते माहितीपत्रक वाचणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष लस घेणारे सुमारे ३ टक्केच निघाले. ज्यांना आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा देऊन आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात जाण्याची वेळ शोधायला सांगितले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. केंद्र कोठे आहे हे शेवटच्या वर्षाच्या त्या विद्यार्थ्यांना बहुधा आधीच ठाऊक असणार. २८ टक्के म्हणजे काही फार नव्हे, हे मान्य. पण भाषणबाजीने जे साधले नाही, ते वेळ आणि वाट ठरवल्याने काही अंशी तरी साधले.

संस्थांच्या पातळीवर तर हा विलंब दशकांचा होऊ शकतो. जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याने १७४७ मध्ये स्कर्व्हीच्या (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाच्या) बारा रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. तरीही नौदलाने लिंबाचा रस सर्रास पुरवण्याचा निर्णय घेतला तो १७९५ मध्ये. घोडे पेंड खात होते ते बरेचसे तपशिलात, कारण महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या जहाजात फळ टिकवायचे कसे, हा प्रश्न होता. लिंड यांनी सुचवलेला आटवलेला रस टिकत असे, परंतु आटवताना त्यातला गुणच बहुतांशी नाहीसा होई. असल्या रटाळ प्रश्नांवर डोके खपवणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, आणि म्हणूनच ते काम कोणाच्या वाट्याला जात नाही.

आपणांस विनंती इतकीच की, नव्या योजनेची किंवा उपक्रमाची घोषणा छापताना जबाबदार व्यक्ती कोण, पहिला टप्पा कोणत्या तारखेला आणि त्यासाठी काय थांबवणार, या तीन प्रश्नांची उत्तरेही मागून छापावीत. उत्तर न मिळाल्यास तसे नमूद करावे, आणि वर्षभराने तीच बातमी पुन्हा तपासावी.

आपला,
एक नियमित वाचक